पत्र्याचा डबा, एक तार आणि झील

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला पाच मिनिटांत एक गाणं म्हणायला सांगितलं होतं. मी म्हणालो, गाणं पाच मिनिटांत होईल, पण त्याच्या आधी वीस मिनिटं बोलायला द्या. पोरांना सदतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला वीस मिनिटं देणं किती धोक्याचं असतं, ते त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी दिली. आभारी आहे.

टेबलावर हा जो गोल डबा ठेवलाय, तो पुढच्या रांगेतल्या काहींनी ओळखला असेल. मघापासून कुजबुज ऐकू येतेय. होय, तोच तो. डालड्याचा डबा. पिवळा रंग उडाला, माडाचं झाड पुसलं, आता नुसता पत्रा राहिलाय. १९७८ साली शाळेच्या गणपतीत हाच डबा वाजवून मी गायलो होतो. त्या दिवशी मी एक खोटं बोललो. सेहेचाळीस वर्षं झाली त्याला. आज ते सांगून टाकायचं आहे.

आपण १९८० ची बॅच. पाचवीला शाळेत आलो, त्याच्या थोडंच आधी बहात्तरचा दुष्काळ सरला होता. तो आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला होता. तांबडी मिलो ज्वारी, खडीच्या कामावर मिळणारी सुकडी, टँकरमागं पळणाऱ्या घागरी. आपल्यातल्या अर्ध्या जणांच्या आई-वडिलांनी खडी फोडलेली आहे, माझ्याही. त्यामुळं आपल्याला वस्तू विकत घ्यायची सवयच नव्हती. भोवरा हवा, तासायचा. गाडा हवा, बाजरीच्या ताटांचा करायचा. चेंडू हवा, चिंध्यांचा बांधायचा. मग गिटार हवी असं वाटलं तेव्हा ती पण करायचीच ठरली, यात नवल काय?

गिटार डोक्यात कुठून शिरली, ते तुम्हाला आठवत असेल. मार्गशीर्षात यल्लमाची जत्रा. एकीकडं खिलार जनावरांचा बाजार, दुसरीकडं पाळणे, आणि तंबूतला सिनेमा. १९७३ सालचा 'यादों की बारात' आपल्या तंबूपर्यंत यायला चार वर्षं लागली. झीनत अमानच्या हातात गिटार बघितली आणि आम्ही दोघं येडे झालो. 'आम्ही दोघं' म्हणजे मी आणि माझ्या बाकावरचा माझा दोस्त. त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलंस तर उठून जाईन, असा त्यानं मला दम भरलाय. तो कुठं बसलाय तेही सांगणार नाही. उगाच माना वळवू नका.

माझ्या घरी डबा होता, त्याच्या घरी हत्यारं होती. एवढ्यावर आमची भागीदारी. सुरुवात या गोल डब्यानं झाली नाही. गोडेतेलाचा चौकोनी डबा घेतला, त्याला बाभळीची दांडी ठोकली. तारा म्हणून सायकलच्या ब्रेकची वायर उसवून तिचे पदर सुटे केले. खुंट्या बोरीच्या. चार तारा लावल्या, कारण सहा लावण्याइतकी जागा नव्हती. दिसायला झकास झाली. वाजायला मात्र देवाचं नाव.

एक तार ताणली की दुसरी ढिली पडायची. दुसरी आवळली की पत्रा आत वाकायचा आणि चारी तारा एकदम उतरायच्या. तेव्हा कारण कळलं नव्हतं, पुढं मास्तर झाल्यावर पोरांना समजावता समजावता कळलं. तारेचा सूर तिच्या ताणावर असतो, आणि ताण टिकायचा तर तार जिथं बांधलीय ती दोन्ही टोकं हलता कामा नयेत. आमचा पत्रा हलत होता, दांडी हलत होती, खुंट्या फिरत होत्या. न हलणारी गोष्ट त्या गिटारीत एकच होती, आमची हौस.

एके दिवशी ते धूड घेऊन आम्ही त्याच्या वस्तीवर बसलो होतो. त्याचे आजोबा बाजेवर पडून ऐकत होते. आजोबा गोंधळाला जायचे. मराठी घरी मराठीत, पूर्वेकडच्या गावात गेले की कानडीत, देवीचा जागर दोन्ही भाषांत करायचे. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काय करालाय रं पोरानू? चार बैलं औताला जुपल्यात आणि एक बी चालंना. एकच जुपा की चांगला."

मग त्यांनी आपलं तुणतुणं काढून दाखवलं. तुणतुणं आपण सगळ्यांनीच पाहिलंय, पण हातात घेऊन नीट बघितलेले थोडे असतील. लाकडाचा पोकळ नळा, खालचं तोंड कातड्यानं मढवलेलं. बाजूला उभी काठी ठोकलेली, तिच्या डोक्याला खुंटी. कातड्याच्या मधोमध भोक पाडून तार आतून वर आणायची आणि खुंटीला गुंडाळायची. काडीनं तार छेडली की कातडं हलतं, नळा घुमतो. बस. पडदे नाहीत, बोटं फिरवायची नाहीत, सूर एकच. माझा चेहरा पडला. म्हणालो, "आजा, ह्याच्यात गाणं कुठाय?" ते म्हणाले, "गाणं गळ्यात असतंय. ह्ये नुसतं दाव्याला बांधलेली मेख हाय. वासरू कितीबी हिंडू दे, मेख हलली नाय म्हंजे झालं."

संगीतावरची पुस्तकं पुढं मी थोडीफार वाचली. आधार-षड्ज म्हणजे काय, हे याच्यापेक्षा सोपं करून सांगितलेलं मला अजून सापडलेलं नाही.

तर गिटार मोडली. डालड्याचा गोल डबा आणला, तळ कापून काढला. बकऱ्याचं कातडं भिजवून त्याच्या तोंडावर ताणून बांधलं आणि सावलीत वाळवलं. कातडं वाळताना आपसूक आवळतं, म्हणून बांधायचं ओलंच. हे कातडं कुणी कमावलं, कुणी बांधलं, काठी कुणी तासली, खुंटी कुणी बसवली? त्यानं. मी डबा आणला आणि शेजारी उकिडवा बसून "असं कर, तसं कर" म्हणालो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तार मात्र मी आणली. ब्रेकच्या वायरचा पदर खरखरायचा. त्याच सुमाराला आईचे डोळे दाखवायला आम्ही एसटीनं मिरजेला गेलो. दवाखान्यातून परतताना मी वडिलांच्या मागं लागून सतारमेकर गल्लीत गेलो. तुम्हाला माहीत आहे, मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतारी, तंबोरे करायला सुरुवात केली. तलवारीची गरज संपली आणि त्याच हातांनी सूर घडवला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्यामुळं ह्या गावाचं नाव गाणाऱ्यांच्या तोंडी कायमचं झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण पेपरात वाचलंच. पण तेव्हा मी चड्डीतला पोरगा. एका दुकानात शिरून म्हणालो, तार द्या. "कशाला?" "तुणतुण्याला." "कुठल्या गावचा?" "जतचा." त्या वयस्कर कारागिरानं तारेचं एक वेटोळं कागदात गुंडाळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. छताला टांगलेल्या भोपळ्यांकडं बोट करून म्हणाले, हे सगळे तुमच्याच अंगाकडून येतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही. वाळवला की गातो.

येताना एसटीत मी सारखं तेच घोकत होतो. आपल्या शेजारच्या तालुक्यातला भोपळा वाळून तंबोरा होतो. आपण तर वर्षभर वाळतच असतो.

तार चढली, सूर लागला. आता गायचं. आणि इथं खरी गोम.

मला गाता येत नव्हतं. आठवीत माझा आवाज फुटला होता. प्रार्थनेला उभं राहिलो की घोगरा आवाज एकीकडं आणि चाल दुसरीकडं. मला रांगेत मागं उभं करून सांगितलं होतं, नुसते ओठ हलव. वर्षभर मी ओठ हलवले. राष्ट्रगीतालासुद्धा. आपल्यातल्या कुणाला असं सांगितलं गेलं असेल, तर त्याला कळेल की ते किती लागतं.

आजोबांनी माझं ऐकलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तार उतरवली. म्हणाले, "बोल." मी बोललो. "नाव सांग." सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज जिथं आपोआप बसत होता, तिथं त्यांनी खुंटी पिळून तार आणली. शाळेतल्या पेटीची पट्टी ठरलेली होती, मी तिच्यामागं धावत होतो आणि धापा टाकत होतो. इथं तार माझ्या गळ्यापाशी चालत आली. पहिल्यांदा माझा आणि वाद्याचा सूर एक झाला तेव्हा अंगावर काटा आला. गाणं म्हणजे काही नव्हतं, नुसता 'आ' होता. पण तो माझा होता.

पण वाजवता वाजवता गायला गेलो की हात थांबायचा. हात चालू ठेवला की शब्द विसरायचे. शब्द आठवले की हात शब्दांच्या मागं पळायचा. लांब शब्द आला की तार पण लांबायची, लहान आला की दोनदा ठोकायचा. ज्यांनी कधी वाजवत गाऊन बघितलंय त्यांना हे माहीत आहे. हात आणि गळा म्हणजे एका गाडीची दोन चाकं, पण आपलं मन एका वेळी एकाच चाकावर बसतं.

ह्याच्यावर आजोबांनी जो उपाय सांगितला, तो मी नंतर शेकडो पोरांना शिकवलाय. आज तुम्हालाही सांगतो, नातवंडांच्या कामाला येईल.

पहिली पायरी, गायचंच नाही. नुसतं वाजवायचं, आणि वाजवता वाजवता दुसरं काहीतरी करायचं. शेरडं हाकायची, कुणाशी तरी बोलायचं. हात इतका मुरला पाहिजे की आपण वाजवतोय हे आपल्या ध्यानातसुद्धा राहू नये. आपण चालताना बोलतो, तेव्हा पायाला कुठं सांगतो की आता उजवा टाक, आता डावा टाक?

दुसरी पायरी, पाढे. ही आमच्या दोघांची भर. आम्हाला पाठांतर करायचंच होतं, मग तुणतुण्यावर पाढे म्हणायला सुरुवात केली. दोनापासून दहापर्यंत सोपं. खरी मजा पुढं आहे. सत्तावीस, चौपन्न, एक्क्याऐंशी, एकशे आठ... प्रत्येक शब्दाची लांबी वेगळी, आणि हात मात्र एकसारखा चालायला हवा. शब्द ठोक्यावर पडो, दोन ठोक्यांच्या मध्ये पडो, हातानं तिकडं बघायचं नाही. एकोणतीसचा पाढा हात न चुकता म्हणता आला, त्या दिवशी आजोबा म्हणाले, आता तुला पोवाडा म्हणायला हरकत नाही. आपल्या गणिताच्या सरांनी आम्हाला मैदानामागं पकडलं तेव्हा आम्ही एकोणतीस चोक एकशे सोळावर होतो. शिक्षा झाली नाही. सर म्हणाले, चालू द्या, पण बाकीच्या वर्गाला सांगू नका, नाहीतर गणिताचा तास तमाशाचा फड होईल.

तिसरी पायरी, एकाच सुरावर शब्द. चाल नाही, नुसतं तारेच्या सुरात बोलल्यासारखं म्हणायचं. आणि चौथ्या पायरीला चाल सोडायची. वासरू मोकळं. मेख जागेवर.

सगळं धरून सहा महिने लागले. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, आम्ही नववीत गेलो. कुणी म्हणेल, एका तारेला सहा महिने? मी म्हणतो, ज्याला ओठ हलवायला सांगितलं होतं त्याला तोंड उघडायला सहा महिने, हे काही जास्त नाहीत.

शाळेच्या गणपतीत पोवाड्याची स्पर्धा होती. आपल्या जिल्ह्याला शाहिरी काही नवी नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. शाहीर पुढं असतो, पण त्याच्यामागं झीलकरी असतात, हे आपण विसरतो. शाहिराचा दम जिथं संपतो, तिथं मागचे 'जी जी' करून झील धरतात, तेवढ्यात त्याला श्वास मिळतो आणि पुढचा चौक आठवतो. झील नसेल तर शाहीर दुसऱ्या कडव्यालाच आडवा होईल. मी गाणार आणि वाजवणार, माझा दोस्त मागं झील धरणार, असं ठरलं. तोच गायला असता तर माझ्यापेक्षा दसपट चांगला गायला असता. पण तो म्हणाला, "तुला मागं उभं केलतं न्हवं? आता फुडं हो."

भाद्रपदाचा पाऊस. आपल्याकडं आषाढ-श्रावण कोरडे जातात आणि पाऊस येतो तो परतीचा. हवा दमट झाली की कातडं ढिलं पडतं, तार उतरते. आमची वेळ येईपर्यंत तो मंडपामागं बसून कागद जाळून डबा शेकत होता. धूर डोळ्यांत जाऊन डोळे लाल. मला डबा हातात दिला तेव्हा कोमट होता. सूर बरोबर जिथं पाहिजे तिथं.

पहिला नंबर आला. बाहेरून आलेले पाहुणे खूष झाले. त्यांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि माईकवर सगळ्यांसमोर विचारलं, "बाळ, हे कुणी बनवलं?"

मी म्हणालो, "मी."

दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्याच्यात. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. डोळे धुरानं लाल. काही बोलला नाही. टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी त्यांच्या खिशातलं पेन मला दिलं. ते पेन मी वर्षभर वापरलं. दहावीचा अर्जसुद्धा त्याच पेनानं भरला.

दसऱ्यानंतर तो शाळेत यायचा बंद झाला. त्याच्या घरचे ऊसतोडीला कृष्णाकाठी जायचे, त्या साली त्यालाही न्यायचं ठरलं. एक कोयता वाढला की तेवढी उचल जास्त मिळते, हे आपल्याला सांगायला नको. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी डबा द्यायला आला. "फडात कुठं वाजवू? तुझ्यापाशी असू दे." मी घेतला. तेव्हा तरी म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही.

नववीची परीक्षा झाली, तो आला नव्हता. नियमाप्रमाणं हजेरीपटावरून नाव कमी झालं. जूनमध्ये आपण दहावीत बसलो. पहिल्या-दुसऱ्या दिवसाची गोष्ट. तास चालू होता. मी सहज बाहेर बघितलं तर व्हरांड्यात खांबाला टेकून तो उभा. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात पिशवी. आमची नजरानजर झाली.

मित्रांनो, मी पुस्तकात मान घातली.

का घातली, त्याचा मी पुष्कळ वेळा विचार केलाय. तो परत आला असता तर कुणीतरी, कधीतरी विचारलं असतं, डबा कुणी केला? मला त्याची भीती वाटली. तास संपल्याची घंटा झाली, मी परत बाहेर बघितलं. खांबापाशी कुणी नव्हतं.

पुढं मी डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. आटपाडी, खानापूर आणि शेवटी आपला जत, ह्या तालुक्यांत सदतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी चौथीच्या पोरांकडून डब्याचं तुणतुणं करून घ्यायचो. कातडं मिळेना तेव्हा जुन्या एक्स-रेची फिल्म ताणून बांधायचो, तीही बरी वाजते. प्रत्येक डब्यावर खिळ्यानं नावं कोरायला लावायचो. डबा कुणी आणला, काठी कुणी तासली, तार कुणी लावली, सगळ्यांची. पोरं म्हणायची, गुरुजी, एवढी नावं कशाला? मी म्हणायचो, नियम आहे. कुणाचा नियम, ते कधी सांगितलं नाही.

ह्या मेळाव्याच्या निमित्तानं समितीनं पत्ते गोळा करायचं काम वाटून दिलं. माझ्याकडं तालुक्याची पूर्व बाजू आली. यादीत त्याचं नाव नव्हतं, कारण यादी दहावी पास झालेल्यांची होती. तरी मी गेलो. सीमेलगतचं गाव, निम्मी बोली कानडी. दारात मला बघून त्यानं ओळखलं. "बा, कुंद्रु," म्हणाला, आणि बाज पुढं सरकवली. केस पांढरे, हाताला कोयत्याचे घट्टे. थोडं डाळिंब लावलंय, नात बारावीला आहे.

चहा झाल्यावर मी म्हणालो, त्या दिवशी मी 'मी' म्हणालो होतो. तो हसला. "त्येचं काय न्हाय रं. डबा तुझ्याच घरचा हुता." मग जरा थांबून म्हणाला, "पन जूनमधी मी आलतो. आपिसात जाऊन परत नाव घालून घ्या म्हनायचं हुतं. एकट्याला आत जायाचा धीर हुईना. तू बाहीर येशील, संगं चलशील, असं वाटलं."

त्याला त्या दिवशी दुसरं काही नको होतं. मागं उभं राहणारं कुणीतरी हवं होतं. झील. त्यानं माझ्यामागं धरली होती. माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घातली.

मी हे सगळं तुमच्यासमोर का सांगतोय? माफी मागायची ती मी त्याच्या दारात मागितली, ती आमच्या दोघांतली गोष्ट. इथं माझी एक विनंती आहे.

आठवा. आठवीत आपण एका बाकावर तिघं दाटीनं बसायचो. दहावीत एका बाकावर दोघं मोकळे बसलो. ते तिसरे कुठं गेले, हे त्या वेळी आपण विचारलं नाही. जागा झाली, दप्तर पसरता आलं, एवढंच. कुणी फडात गेला, कुणी मेंढरामागं, कितीतरी मैत्रिणींची लग्नं झाली. पोटाला मिळावं म्हणून गेलेली माणसं ती, अभ्यासात कच्ची होती म्हणून गेलेली नव्हेत. माझ्या दोस्ताला एकोणतीसचा पाढा आजही येतो. मला अठ्ठावीसनंतर अडखळायला होतं. अण्णाभाऊंची शाळा तर दीड दिवसाची. त्या हिशेबानं त्यांचंही नाव कुठल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत बसणार नाही.

आपल्या स्मरणिकेच्या शेवटी नावांची यादी छापली जाणार आहे. ती दहावीच्या निकालावरून न करता पाचवीच्या पहिल्या हजेरीपटावरून करावी, एवढंच माझं मागणं आहे. जुने हजेरीपट शाळेत असतील तर उत्तमच, नसतील तर आपण आठवून लिहू. प्रत्येकानं आपल्या बाकावरच्या तिसऱ्याचं नाव आठवायचं. जो आपल्याबरोबर प्रार्थनेला उभा राहिला, तो आपल्या वर्गातला. मग तो दहा वर्षं उभा राहिलेला असो की दहा दिवस.

आता गाणं. वीस मिनिटं संपली, संयोजक घड्याळ दाखवतायत.

डब्याला कातडं नवीन घातलंय. ते मी घातलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. दोन नावं त्याच्यावर खिळ्यानं कोरली आहेत, आणि तिसरं त्याच्या आजोबांचं. ज्याला वाचायचंय त्यानं कार्यक्रमानंतर येऊन वाचावं. तेवढ्यापुरती त्यानं परवानगी दिली आहे.

मी आज गाणार नाही. मी मागं उभा राहून झील धरणार आहे. गाणारा समोर तुमच्यातच बसलाय. तो उठतो की नाही, ते बघू. नाही उठला तर आपण सगळे मिळून टाळ्या वाजवू, म्हणजे उठेल.

चल रं. आता फुडं हो.